डोंगरावरील प्रवचन आणि ख्रिस्ती आचारधर्म

डोंगरावरील प्रवचन आणि ख्रिस्ती आचारधर्म : येशू ख्रिस्ताच्या नैतिक शिकवणीचा बायबलमधील सर्वांत विस्तृत संग्रह आणि त्याचे ख्रिस्ती लोकांच्या नित्य व्यवहाराशी असलेले नाते. हे प्रवचन नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या तीन अध्यायांत आले असून त्यास ‘गिरिप्रवचन’ असेही म्हणतात. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात (६ : २०–४९) याच शिकवणीचा संक्षिप्त पाठ आढळतो, तेथे मात्र येशू सपाट जागेवर उभा राहून बोलतो, असे वर्णन आहे. एकाच प्रसंगी केलेले हे सलग भाषण नसून निरनिराळ्या वेळी केलेल्या उपदेशाची शुभवर्तमानकाराने केलेली ती गुंफण आहे, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने सु. ३९४ मध्ये या तीन अध्यायांवर स्वतंत्र भाष्य लिहिले. त्याच्या शीर्षकावरून हे नाव पश्चिमी ख्रिस्ती जगात रूढ झाले.

प्रवचनाचा शेवट दोन घरे बांधणाऱ्यांच्या दृष्टांताने होतो. शिकवण ऐकून तीप्रमाणे वागणारा मनुष्य खडकावर घर बांधणाऱ्यासारखा होय; केवळ ऐकणाऱ्याचे घर वाळूवर असल्याने पुरात कोसळते. म्हणजेच ही शिकवण आचरणासाठी आहे, असा तिचा स्वतःचाच दावा आहे. तथापि शत्रूवर प्रेम करणे, वाइटाचा सूड न घेणे, उद्याची चिंता न करणे इ. अपेक्षा संसारी माणसास झेपतील काय, झेपत नसल्यास त्यांचे प्रयोजन काय आणि त्या दुर्बलावर लादल्या गेल्यास काय होते, हे प्रश्न प्रारंभापासून उपस्थित झाले. ख्रिस्ती नीतिविचाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

आशय : प्रवचनाच्या आरंभी धन्यवचने आहेत. मत्तयाच्या पाठात ती नऊ असून आत्म्याने दीन, शोक करणारे, सौम्य, न्यायाची भूक लागलेले, दयाळू, शुद्ध मनाचे, शांती प्रस्थापित करणारे व न्यायासाठी छळ सोसणारे यांना येशू धन्य म्हणतो. शेवटचे वचन शिष्यांना उद्देशून आहे. लूकच्या पाठात चार धन्यवचने व त्यांच्या जोडीला श्रीमंत, तृप्त इत्यादींविषयी चार धिक्कारवचने आहेत. मत्तय आत्म्याने दीन असलेल्यांचा, तर लूक सरळ दरिद्र्यांचा उल्लेख करतो. या फरकामुळे दारिद्र्य ही केवळ अंतःकरणाची वृत्ती मानावी की प्रत्यक्ष सामाजिक स्थिती, हा वाद उद्भवला. पुढे मीठ व दिवा यांच्या रूपकांनी शिष्यांचे समाजातील कार्य सूचित केले आहे.

त्यानंतर मोशेच्या नियमशास्त्रातील वचने व येशूची शिकवण यांच्या सहा जोड्या येतात. खुनाच्या निषेधाबरोबर क्रोध व अपमानकारक बोलणे, व्यभिचाराच्या निषेधाबरोबर वासनापूर्ण दृष्टी यांनाही दोष दिला आहे. घटस्फोट, शपथ, सूड व शत्रुत्व हे उरलेले चार विषय होत. सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना व उपवास ही धर्मकृत्ये लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत असे सांगितले असून ‘प्रभूची प्रार्थना’ या नावाने प्रसिद्ध असलेली प्रार्थना येथेच आली आहे. धनाची व परमेश्वराची चाकरी एकाच वेळी होऊ शकत नाही, हे सांगून अन्नवस्त्रांच्या चिंतेविषयी पाखरांचा व रानफुलांचा दृष्टांत दिला आहे. सातव्या अध्यायात दुसऱ्याचा न्याय करण्याचा निषेध, आपल्या डोळ्यातील मुसळ व भावाच्या डोळ्यातील कुसळ यांचे रूपक आणि ‘सुवर्णनियम’ म्हणून ओळखले जाणारे तत्त्व हे मुख्य विषय आहेत. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण त्यांच्याशी वागावे, असे हे तत्त्व होय. ज्यू आचार्य हिलेल याच्या नावावर तालमूदमध्ये याच तत्त्वाचे निषेधात्मक रूप नोंदलेले आहे. यावरून प्रवचनाची मुळे तत्कालीन ज्यू धर्मपरंपरेत किती खोल गेली होती, हे दिसून येते.

ऐतिहासिक संदर्भ : प्रवचनातील काही आज्ञा पहिल्या शतकातील पॅलेस्टाइनच्या परिस्थितीत ठेवल्या असता त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. सक्तीने एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जाण्याचा उपदेश रोमन अंमलातील वेठीच्या प्रथेकडे निर्देश करतो. सैनिकाला वा अधिकाऱ्याला ओझे वाहण्यासाठी रस्त्यावरील कोणासही धरता येई. येथे आलेले ग्रीक क्रियापद मत्तयाने येशूचा क्रूस वाहण्यास शिमोन कुरेनेकर यास भाग पाडल्याच्या प्रसंगीही वापरले आहे. अंगरख्यासाठी फिर्याद करणाऱ्यास झगाही द्यावा, या वाक्यामागे कर्जबाजारी गरिबाचे चित्र आहे. गहाण घेतलेला झगा सूर्यास्तापूर्वी परत करावा, असा जुन्या करारातील निर्गम या ग्रंथाचा नियम होता. कारण तेच गरिबाचे पांघरूण असे. उजव्या गालावरील चपराक ही उजव्या हाताने मारावयाची झाल्यास उलट्या हाताचीच असणार, म्हणजे ती मारहाणीपेक्षा अपमानाची कृती होय. मिश्ना या ज्यू विधिसंग्रहात साध्या चपराकीला २०० झूझ, तर उलट्या हाताच्या चपराकीला ४०० झूझ दंड सांगितला आहे. यावरून काही आधुनिक भाष्यकार असे प्रतिपादितात, की दुसरा गाल पुढे करणे म्हणजे निमूट शरणागती नसून अपमान न स्वीकारता व उलट प्रहारही न करता ताठ उभे राहणे होय. हे अर्थनिर्णयन सर्वमान्य नाही; तथापि या आज्ञा प्रथम ऐकणारे लोक सत्ताधारी नसून वेठ, कर्ज व अपमान सोसणारे होते, हे विसरता येत नाही.

अर्थनिर्णयाचे प्रवाह : पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या आरंभी रचलेल्या दिदाखे या लहानशा ग्रंथात प्रवचनातील उपदेश नवदीक्षितांसाठी जीवनमार्ग म्हणून दिला आहे. त्यात आदर्श आणि मानवी मर्यादा या दोहोंची जाण दिसते. जो संपूर्ण जू उचलू शकत नाही, त्याने जमेल तेवढे करावे, असा त्याचा अभिप्राय आहे. अँटिऑक येथे सु. ३९० मध्ये मत्तयावर प्रवचने देणारा योहान क्रिसोस्टम (सु. ३४७–४०७) याने ही शिकवण केवळ मठवासीयांसाठी असल्याचे नाकारले व बायकामुले असलेल्या नगरवासीयांनाही ती लागू असल्याचे आग्रहाने सांगितले.

मध्ययुगात सर्वांना बंधनकारक असलेल्या आज्ञा आणि पूर्णत्वाची इच्छा धरणाऱ्यांसाठी असलेले उपदेश असा भेद स्थिर झाला. टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने तो पद्धतशीरपणे मांडला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेणाऱ्या संन्यस्त संघांना यामुळे तात्त्विक आधार मिळाला. मात्र प्रवचनातील अवघड भाग संन्याशांचा, सामान्यांचा नव्हे, अशी लोकसमजूतही त्यातून बळावली. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने हा भेद अमान्य केला. त्याच्या मते ख्रिस्ती मनुष्य व्यक्ती म्हणून सूड घेणार नाही. परंतु न्यायाधीश, सैनिक वा पिता या नात्याने इतरांच्या रक्षणासाठी त्याला दंडाचा उपयोग करावा लागेल. याउलट ॲनाबॅप्टिस्ट पंथीयांनी १५२७ च्या श्लाइटहाइम येथील कबुलीजबाबात तलवार व शपथ या दोहोंचाही त्याग जाहीर केला. त्यांच्या परंपरेतील मेनोनाइट व आमिश हे पंथ आजही शब्दशः पालनाचा आग्रह धरतात.

आधुनिक काळात आल्बर्ट श्वाइट्झर (१८७५–१९६५) याने जगाचा अंत जवळ आला आहे या श्रद्धेपोटी सांगितलेली ही अल्पकालीन नीती होय, असे मत मांडले. रीनहोल्ड नीबुर (१८९२–१९७१) याच्या मते ही नीती पूर्णतः कधीच साध्य होणार नाही. परंतु प्रत्येक मानवी न्यायव्यवस्थेचे उणेपण दाखविण्याचे कार्य ती सतत करीत राहते. नाझी राजवटीचा विरोधक असलेला जर्मन धर्मवेत्ता डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात प्रवचनाचा अर्थ लावण्यापेक्षा त्याचे पालन करण्यावर भर दिला. पालनाविना मिळालेल्या कृपेला त्याने ‘स्वस्त कृपा’ म्हटले. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यास फाशी देण्यात आले. रोमन कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) पावित्र्याचे आवाहन सर्व श्रद्धावंतांना, मग ते कोणत्याही व्यवसायात वा अवस्थेत असोत, सारखेच आहे असे १९६४ मध्ये घोषित केले. त्यामुळे आज्ञा व उपदेश या भेदाचा पूर्वीचा अर्थ पुष्कळसा सौम्य झाला.

नित्य व्यवहारातील उपयोजन : (१) वाणी व व्यापार : शपथ घेऊ नये, होय म्हणजे होय व नाही म्हणजे नाही असेच बोलावे, या शिकवणीचा सर्वांत काटेकोर अवलंब सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाने केला. शपथेमुळे सत्याचे दोन दर्जे निर्माण होतात, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयात शपथ नाकारल्याबद्दल अनेकांनी तुरुंगवास भोगला. अखेर १६९६ मध्ये त्यांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक कथन करण्याची कायदेशीर मुभा मिळाली. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथेला गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा जो पर्याय आहे, तो याच जातीचा होय. हेच तत्त्व क्वेकर दुकानदारांनी बाजारात लागू केले. घासाघीस करताना विक्रेता जास्त किंमत सांगतो व मनात कमी धरतो, हे असत्यच होय, असे मानून त्यांनी सर्व गिऱ्हाइकांना एकच ठरावीक भाव सांगण्याची पद्धत पाळली. मूल पाठविले तरी फसवणूक होणार नाही, अशी त्यांची ख्याती झाली व त्यांच्या व्यापाराला तिचा लाभही झाला.

(२) समेट व उपासना : वेदीवर अर्पण आणले असता आपल्याविषयी कोणाच्या मनात काही असल्याचे आठवल्यास अर्पण तेथेच ठेवून प्रथम समेट करावा, असे प्रवचन सांगते. येथे राग कोणाला आला आहे हे महत्त्वाचे नसून दुखावलेल्या व्यक्तीकडे जाण्याची जबाबदारी उपासकावर टाकली आहे. दिदाखेमध्ये भांडण मिटल्याखेरीज कोणी सहभोजनविधीत सामील होऊ नये, असा नियमच आहे. कॅथलिक व अन्य अनेक पंथांच्या उपासनेत परस्परांना शांती चिंतण्याचा जो विधी असतो, त्यामागे हाच विचार आहे. शेजारी, भाऊबंद वा एकाच ग्रामातील कुटुंबे यांच्यात जमिनीवरून वा वारशावरून वितुष्ट असेल, तर या विधीचा अर्थ केवळ हात जोडण्यापुरता उरत नाही.

(३) धन व चिंता : कॅपाडोशियातील सिझरियाचा बिशप बासिल (सु. ३३०–७९) याने साठवून ठेवलेले अन्नवस्त्र हे गरजूंचेच असते, असा उपदेश केला व शहरालगत रोगी, निराधार व प्रवासी यांच्यासाठी मोठी सेवासंस्था उभारली. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने डोंगरावरील प्रवचनावर तेरा प्रवचने रचली. प्रामाणिकपणे मिळवावे, काटकसरीने राखावे व उरलेले द्यावे, हे त्याच्या अर्थविषयक उपदेशाचे सूत्र होते. चिंतेविषयीच्या शिकवणीचा अर्थ उद्योग वा तरतूद यांचा निषेध असा केला जात नाही. पाखरांनाही अन्न शोधावेच लागते, याकडे भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे. निषेध आहे तो परमेश्वर व शेजारी या दोघांनाही विसरावयास लावणाऱ्या धास्तीचा. मात्र उपाशी माणसाला ही शिकवण ऐकविणे आणि त्याची तरतूद स्वतः न करणे, हे प्रवचनाच्याच दानविषयक भागाशी विसंगत ठरते.

(४) क्षमा व न्याय : प्रभूच्या प्रार्थनेत मागितलेली क्षमा ही दिलेल्या क्षमेशी जोडलेली आहे. मत्तयाच्या मूळ ग्रीक पाठात येथे ‘ऋण’ या अर्थाचा शब्द आहे, तर लूकच्या पाठात ‘पाप’ या अर्थाचा. २ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील निकेल माइन्स येथील आमिश शाळेत एका बंदूकधाऱ्याने पाच मुलींचा बळी घेऊन आत्महत्या केली. आमिश समाजातील लोकांनी लगेच त्याच्या कुटुंबाची भेट घेऊन सांत्वन केले. प्रभूची प्रार्थना रोज म्हणणाऱ्या समाजात ही कृती अनपेक्षित नव्हती, असे या घटनेच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. भारतात जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन कुष्ठसेवक ग्रॅहम स्टेन्स व त्यांची दोन मुले यांना जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले व बारीपाडा येथील कुष्ठरोग्यांचे कार्य पुढे काही वर्षे चालू ठेवले. क्षमा ही आपली वैयक्तिक बाब असून गुन्ह्याचा न्याय करणे हे शासनाचे काम आहे, हा भेद त्यांनी स्पष्टपणे केला. त्यांना २००५ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

हा भेद दुर्लक्षिला गेल्यास प्रवचनाचा दुरुपयोग होतो. मारहाण सोसणाऱ्या पत्नीला दुसरा गाल पुढे करण्याचा, वा शोषित मजुराला सौम्य राहण्याचा उपदेश करणारे लोक ख्रिस्ती समाजांत वेळोवेळी आढळले आहेत. येथे अन्याय सोसण्याचा सल्ला देणाऱ्याला स्वतःला काहीच सोसावे लागत नाही. प्रवचनात मात्र आज्ञा ऐकणाऱ्यालाच उद्देशून आहे. दुसऱ्याने काय सोसावे हे ठरविण्याचा अधिकार ती कोणाला देत नाही. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९९२ च्या निवेदनात कोणाही व्यक्तीने हिंसक वैवाहिक संबंधात राहावे अशी अपेक्षा नाही, असे स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस (१९३६–२०२५) यांनी २०१६ मध्ये पती वा पत्नी व मुले यांच्या रक्षणासाठी विभक्त होणे प्रसंगी नैतिक दृष्ट्या आवश्यकही ठरते, असे म्हटले. तर २०२० च्या परिपत्रात जुलूम करणाऱ्यावर प्रेम करणे म्हणजे त्याला जुलूम करू देणे नव्हे, तर त्यापासून परावृत्त करणे होय, असे प्रतिपादिले.

सामाजिक चळवळी : रशियन लेखक लीओ टॉलस्टॉय (१८२८–१९१०) यांनी वाइटाचा हिंसेने प्रतिकार न करणे हे प्रवचनाचे सार मानून सैन्य, न्यायालये व शासनसंस्था यांवर कठोर टीका केली. महात्मा गांधी यांनी लंडनमधील विद्यार्थिदशेत हे प्रवचन वाचले. ते आपल्या हृदयास थेट भिडले व गीतेशी आपण त्याची तुलना केली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला व १९१० मध्ये जोहॅनिसबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म स्थापन झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) यांनी ख्रिस्ती प्रेमतत्त्व व गांधीजींची पद्धती यांची सांगड घातली. माँटगोमेरी येथील ३८१ दिवसांच्या बसबहिष्कारात (१९५५–५६) त्यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला, तेव्हा संतप्त जमावाला त्यांनी शत्रूवर प्रेम करण्याचे आवाहन करून शांत केले. बहिष्कार मात्र मागे घेतला नाही. प्रतिकार व प्रेम एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण मानले जाते.

महाराष्ट्र व गोवा : इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराणा (१६१६) द्वारे गोव्यातील नवख्रिस्ती लोकांपर्यंत पोहोचविली. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर येथील मुद्रणालयातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत प्रसिद्ध झाले व त्यायोगे हे प्रवचन मराठी गद्यात छापील रूपात आले. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना आगगाडीच्या प्रवासात एका यूरोपीय सहप्रवाशाने नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि या वाचनाची परिणती १८९५ मध्ये मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेण्यात झाली. अखेरच्या काळात त्यांनी स्थापन केलेल्या ‘देवाचा दरबार’ या संघात ख्रिस्ताचे अनुसरण हे पंथीय सदस्यत्वापेक्षा श्रेष्ठ मानले होते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथील मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांना आश्रय दिला, तसेच अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे म्हणून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी सुबोध बायबल सिद्ध करण्याबरोबरच वसईतील हिरवाई व सामान्यांचे हक्क यांच्या रक्षणासाठी झालेल्या लोकचळवळीत भाग घेतला.

मूल्यमापन : प्रवचनाकडे कायद्याची संहिता म्हणून पाहिल्यास ते अपुरे वाटते, कारण न्यायालय, कर, सेना वा विवाहविधी यांचे तपशील त्यात नाहीत. केवळ आदर्श म्हणून पाहिल्यास त्याची धार बोथट होते. ज्या समाजांत त्याचा प्रभाव टिकून राहिला, तेथे तो मुख्यतः लहान व वारंवार करावयाच्या कृतींतून टिकला, असे इतिहासावरून दिसते. खरा भाव सांगणे, दानाचा गाजावाजा न करणे, उपासनेपूर्वी समेट करणे, रोजच्या प्रार्थनेत दुसऱ्याचे अपराध सोडणे या त्या कृती होत. मोठ्या संकटाच्या वेळी दिसलेली क्षमाशीलता वा निर्भयता ही अशा दीर्घ सरावाचीच फलश्रुती असल्याचे आढळते. शिकवण इतरांकडून वसूल करण्यासाठी वापरली गेली, तेव्हा मात्र तिचे रूप पालटले व ती दुर्बलांवरील ओझे ठरली. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाविषयीचे रूपक याच प्रवचनात आले आहे, हे या संदर्भात लक्षणीय आहे.